कोकणातल्या घरात बाळासाठी प्लेपेन : घ्यावा का, कुठला घ्यावा आणि कसा वापरायचा

पहिल्यांदाच आईबाबा झालेल्यांसाठी हे लिहितेय, त्यातही ज्यांचं घर ओटी, माजघर, मागीलदार असं आहे आणि दाराबाहेर पडलं की लगेच पायऱ्या, खळं, विहीर सुरू होते त्यांच्यासाठी जास्त. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, प्लेपेन, म्हणजे बाळाला आत खेळत ठेवायचं छोटं कुंपण, घेऊ की नको, हल्ली कोणी वापरतं का. माझं उत्तर आधीच सांगून टाकते म्हणजे बाळ रडतंय म्हणून मधेच उठावं लागलं तरी चालेल : हो, उपयोग आहे, पण बाळ रांगायला लागल्यापासून ते नीट चालायला लागेपर्यंतच, आणि तोही दिवसातल्या त्या दहा-पंधरा मिनिटांसाठी जेव्हा तुमचे दोन्ही हात गुंतलेले असतात. भात उतरवायचाय, कालवण चुलीवर आहे, बाथरूमला जायचंय, पाऊस आला आणि वाळत घातलेलं सगळं आत ओढायचंय. तेवढ्यापुरतं बाळ एका जागी सुरक्षित राहतं. बाळ सांभाळायचं काम मात्र प्लेपेन करत नाही, ते माणसानेच करायचं असतं.

घरातली मोठी माणसं नाक मुरडतात, ते आमच्याकडेही झालं. सासूबाईंचं पहिलं वाक्य होतं, "पोराक पिंजऱ्यात कित्याक घालतंस? वायच रांगूक दी तेका." आणि त्यांचं म्हणणं अर्धं अगदी बरोबर आहे, बाळाला रांगायलाच हवं, त्याशिवाय हातापायात जोर कसा येणार. फक्त त्यांच्या वेळी घरात जावा होत्या, नणंदा होत्या, शेजारची पोरं होती, एक जण उठला की दुसरा बघायचा. आता किती घरांत दिवसभर फक्त सासू आणि सून असतात, बाकीचे मुंबईला नाहीतर कामावर, त्यात सासूचे गुडघे दुखतात आणि रांगणारं बाळ तिच्यापेक्षा फास्ट असतं. त्यामुळे आजीच्या मताचा मान ठेवूनच सांगते की दोन्ही जमतं, दिवसातला बहुतेक वेळ मोकळं रांगणं आणि मधला थोडा वेळ प्लेपेन.

पायरी १ : खरेदीआधी स्वतः जमिनीवर बसा

ऑनलाईन काही बघायच्या आधी ज्या ज्या खोलीत बाळ जाणार आहे तिथे स्वतः गुडघ्यावर रांगत एक फेरी मारा. उभ्याने जे कधीच दिसत नाही ते सगळं दिसेल, कोपऱ्यात आडवी करून ठेवलेली विळी, कपाटाखाली घरंगळलेली सुपारी, मिक्सरची लोंबणारी वायर, खाटेखाली जळत असलेली मच्छरांची कॉइल, देवघरातली समई जी आपल्या कमरेला लागते आणि बाळाच्या बरोबर तोंडासमोर येते. काजूच्या दिवसांत पडवीत बिया पसरलेल्या असतात, त्या टरफलातल्या चिकाने मोठ्या माणसाची कातडी भाजते तर बाळाच्या तोंडाचं काय होईल. रिमोटमधली किंवा खेळण्यातली छोटी गोल बटण बॅटरी हा अजून एक शत्रू, गिळली तर अन्ननलिका जाळते आणि तेही काही तासांत, त्यामुळे तसं काही वाटलं तर घरी वाट न बघता सरळ मोठं हॉस्पिटल.

मग ओटीवर या. आपल्याकडे ओटी खळ्यापेक्षा दोन-चार पायऱ्या वर असते, पायऱ्या चिऱ्याच्या आणि बऱ्याच घरांना कठडा नसतोच, कारण ओटीवर बसून पाय सोडायची सगळ्यांना सवय. रांगणारं बाळ कडेपर्यंत जातं आणि थांबत नाही, त्याला खोली कळायला वेळ लागतो.

आणि शेवटी मागीलदार, इथे सगळ्यात जास्त वेळ काढा. पाण्याबद्दल मी कितीही लिहिलं तरी कमीच वाटेल मला. बाळ बुडायला विहीरच लागते असं नाही, बादलीत तळाला राहिलेलं वितभर पाणी पुरतं, त्याहून कमीही पुरतं, कारण या वयात डोकं बाकी अंगाच्या मानाने जड असतं, बाळ बादलीच्या काठाला धरून उभं राहतं, आत डोकावतं, डोकं खाली जातं आणि मग त्याला वर येता येत नाही. आणि आवाज होत नाही. ओरडणं नाही, फारसं पाणी उडणं नाही, आपण पलीकडे भांडी घासत असलो तरी कळत नाही. जगभरात बुडून जाणाऱ्यांमध्ये १ ते ४ वर्षांच्या मुलांचं प्रमाण सगळ्यात जास्त आहे असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून न्हाणीतली बादली वापरून झाली की लगेच पालथी, पिंपाला घट्ट झाकण, गुरांचं पाणी उंचावर, आणि विहिरीला कठडा असला तरी वर लोखंडी जाळी. बागायतीतल्या कितीतरी बावी जमिनीच्या सपाटीला असतात, त्यांना जाळी नसेल तर प्लेपेनचे पैसे आधी तिथे घाला, हे मी अगदी मनापासून सांगतेय.

यावर बांगलादेशातलं एक काम लक्षात ठेवण्यासारखं आहे. तिथेही आपल्यासारखंच, घराच्या मागे तळं आणि आई कामात. तिथल्या गावांत एका मोठ्या प्रकल्पात घरोघरी प्लेपेन वाटले आणि त्याबरोबर गावातच छोटी पाळणाघरंही चालवली, जिथे सकाळच्या कामाच्या वेळात गावातलीच एक बाई मुलांकडे बघायची. मुलं वाचण्यात सगळ्यात मोठा फरक दिसला तो पाळणाघरांचा, म्हणजे डोळ्यांसमोर माणूस असण्याचा. आपल्याकडे अंगणवाडीत साधारण ३ वर्षांपासून मुलं बसतात, त्यामुळे रांगत्या बाळाचं आपलं आपल्यालाच बघावं लागतं. वाडीतल्या दोघी-तिघींनी सकाळचे दोन तास आळीपाळीने एकमेकींची बाळं बघितली तरी खूप होतं, यात एक रुपयाही लागत नाही.

पायरी २ : दारं आधी, प्लेपेन नंतर

ही पायरी बहुतेक लोक गाळतात. बाळाला कुंपणात ठेवण्यापेक्षा धोक्याच्या दाराला कुंपण घातलं तर बाळाला पूर्ण माजघर मोकळं मिळतं. बाजारात सेफ्टी गेट मिळतात, एक दोन्ही बाजूंनी दाबून बसणारं आणि एक स्क्रूने चौकटीला पक्कं होणारं. पायऱ्यांच्या वरच्या टोकाला दाबून बसणारं कधीच लावू नका, बाळाने जोर लावला तर गेटसकट खाली जाईल, तिथे स्क्रूचंच पाहिजे. स्वयंपाकघराच्या किंवा दोन सपाट खोल्यांमधल्या दाराला दाबून बसणारं चालतं. पण आपल्या जुन्या घरांच्या चौकटी जाड, वेड्यावाकड्या, उंबरठा चांगला उंच, त्यावर रेडिमेड गेट बऱ्याचदा बसतच नाही, मग सरळ गावातल्या सुताराला बोलवा आणि अर्धं दार करून घ्या.

सुताराला सांगायच्या गोष्टी लिहूनच द्या. पट्ट्या उभ्या, आडव्या नकोत, आडव्या असल्या की बाळ शिडीसारखा पाय ठेवून चढतं. दोन पट्ट्यांमधली फट ६ सेंटिमीटरपेक्षा कमी, म्हणजे अंग निसटून डोकं अडकायला नको. खालची फटही तेवढीच बारीक. कडी बाहेरच्या बाजूला आणि वर. कडा घासून गुळगुळीत, पॉलिश किंवा रंग केला तर वास पूर्ण जाईपर्यंत बाळाला जवळ नेऊ नका कारण दात येताना ते सगळं चावणार आहे.

हे झाल्यावर परत विचार करा प्लेपेन लागतोय का. चिपळूण-रत्नागिरीत वन बीएचकेमध्ये राहत असाल, किचनला गेट लागलं आणि बाथरूमचं दार बंद राहतं, तर बहुतेक नाही लागणार, आणि जागाही जाईल उगाच. गावच्या घरात जिथे सगळी दारं दिवसभर उघडी, कोंबड्या आत येतात, पोस्टमन आत येतो, कोणीतरी गेट उघडं टाकून जातो, तिथे मात्र लागतो असं मला वाटतं.

पायरी ३ : बाळाचं वय बघा

साधारण ४ ते ६ महिन्यांत बाळ पालथं पडायला लागतं, ६-७ महिन्यांच्या आसपास बसतं, ७ ते १० मध्ये रांगतं, मग धरून उभं राहतं आणि वर्ष-सव्वा वर्षाच्या दरम्यान चालतं, कोणी लवकर कोणी उशिरा, १८ महिन्यांपर्यंत चालायला लागलं तरी काळजी करायचं कारण नसतं. प्लेपेन रांगायच्या थोडं आधी आणून मांडा. म्हणजे बाळाला ती आपलीच खेळायची जागा वाटते. एकदा घरभर फिरायची चटक लागल्यावर पहिल्यांदा आत ठेवलंत तर घर डोक्यावर घेईल आणि त्याचं काही चुकलेलं नसेल.

बारशाला गिफ्ट म्हणून आला असेल तरी घाई नको, तोपर्यंत चटईवर पालथं खेळू द्या.

पायरी ४ : कुठला घ्यायचा

चार प्रकार मिळतात. पाइपच्या सांगाड्यावर कापड आणि जाळी असलेला चौकोनी, प्लॅस्टिकचे पॅनल एकमेकांत अडकवायचा, लाकडी, आणि घडी करून पिशवीत जाणारा ट्रॅव्हल कॉट. किमती दोन-अडीच हजारांपासून सुरू होऊन बऱ्याच वर जातात.

कापड-जाळीवाला सध्या सगळ्यात जास्त खपतो, हलका आहे, बाळ आपटलं तरी लागत नाही, आणि जाळीतून बाळ आपल्याला बघतं, आपण बाळाला, हा मोठा फायदा. जाळीची भोकं ६ मिलिमीटरपेक्षा बारीक हवीत, मोठी असली तर बोटं आणि बटणं अडकतात. पण किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी याचा सांगाडा नीट बघून घ्यावा, पाइप लोखंडी असतात आणि वर कापडाची खोळ, त्यामुळे खाऱ्या हवेने आत गंज धरतो आणि बाहेरून काही दिसत नाही, एक दिवस कोपऱ्याचा जोड सुटतो. घेताना पाइपला पावडर कोटिंग आहे का, टोकांना प्लॅस्टिकच्या टोप्या आहेत का बघा, आणि दर महिन्याला खोळ सरकवून जोड हाताने चाचपा.

प्लॅस्टिक पॅनलचा गंजत नाही, धुवायला सोपा, पाहिजे तो आकार करता येतो. त्याची अडचण वेगळीच आहे, तो खाली व्हॅक्यूमच्या रबरी बुडांवर उभा राहतो आणि ती रबरं फक्त गुळगुळीत लादीवर चिकटतात. शेणाने सारवलेल्या जमिनीवर, खरखरीत कोब्यावर किंवा जुन्या फरशीवर चिकटत नाहीत, मग बाळ उभं राहून पॅनल ढकलत सगळं कुंपणच पुढे नेतं, ओटीच्या कडेपर्यंतसुद्धा नेऊ शकतं. अशी जमीन असेल तर हा प्रकार घेऊच नका, किंवा लादी असलेल्या खोलीतच मांडा.

लाकडी प्लेपेन सुताराकडून होतो, आंब्याच्या किंवा फणसाच्या लाकडाचा मजबूत होतो आणि वजनामुळे बाळाला हलत नाही. फट आणि उभ्या पट्ट्यांचे नियम वर सांगितलेत तेच, आतल्या जमिनीपासून उंची कमीत कमी ५०-५५ सेंटिमीटर, जास्त असली तर बरंच. कुसळ निघतेय का आणि पावसाळ्यानंतर वाळवी लागलीय का हे बघत राहा.

ट्रॅव्हल कॉट येणंजाणं असणाऱ्यांसाठी. यात एक गोष्ट जीवावरची आहे. बाजू उघडल्यावर चारही बाजू खटकन लॉक झाल्या पाहिजेत, आणि प्रत्येक वेळी वरून दाबून बघायचं. अमेरिकेत १९९८ मध्ये अशाच एका घडीच्या कॉटची बाजू दुमडली, व्ही आकारात मान अडकून एक बाळ दगावलं, तो कॉट कंपनीने आधीच परत मागवलेला होता पण ती बातमी वापरणाऱ्यांपर्यंत पोचलीच नव्हती. त्याच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि २००८ च्या तिथल्या कायद्यात लहान मुलांच्या अशा वस्तूंची सक्तीची तपासणी आली. आपल्याकडे चुलत बहिणीकडून, शेजारणीकडून वापरलेला कॉट मिळतो आणि त्यात वाईट काही नाही, फक्त लॉक ढिलं, जाळी फाटलेली, स्क्रू गहाळ असेल तर दोरीने बांधून वापरायचा नाही, सरळ नको म्हणायचं. एक बाजू अर्धी खाली पाडूनही ठेवायची नाही, जाळीची पिशवी तयार होते आणि लहान बाळ लोळत जाऊन त्यात तोंड खुपसतं.

प्लेपेनबरोबर रंगीत बॉल फुकट देतात बघा. १ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे, तो नसेल तर बॉल बाजूला ठेवा. आणि असला तरी पन्नास बॉल एकदम ओतू नका, चार-पाच पुरे, बाळाला सरकायला जागा राहिली पाहिजे.

पायरी ५ : कुठे मांडायचा

माजघर सगळ्यात चांगलं, जिथून तुम्ही चुलीपाशी असाल तरी दिसतं. चूल किंवा गॅस यापासून निदान दोन-तीन हात लांब. खिडकीचे पडदे, चार्जरच्या वायरी, दोरीवर वाळत घातलेले टॉवेल हे हाताला येता कामा नयेत, दोरी मानेभोवती जाते. वर फळी, कॅलेंडर, फ्रेम असं काही पडणारं नको. ओटीवर मांडायचा तर कडेपासून दूर, भिंतीच्या बाजूला, आणि खळ्यात नको. माडाखाली तर अजिबात नको, झावळ पडायला वारा लागत नाही.

आता विंचू आणि सापाचं. जाळीमुळे ते आत येत नाहीत असं समजू नका. मांडलेला प्लेपेन, त्याखालची चटई, कोपऱ्यातली कापडी घडी, या सगळ्या त्यांना लपायला मस्त जागा, त्यात पाऊस सुरू झाला की ते कोरडी जागा शोधत घरातच येतात, आणि आपल्याकडे फुरसं कुठे निघेल सांगता येत नाही. त्यामुळे बाळाला ठेवायच्या आधी रोज चटई उचलून झटकायची, खेळणी झटकायची, संध्याकाळी टॉर्च मारून बघायचं. लाल विंचू चावला तर मुलाला खूप घाम येतो, उलटी होते, हातपाय गार पडतात, अशा वेळी मंत्र, पाला काही करत न बसता १०८ ला फोन किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी याच आपल्या कोकणातल्या पेशंटवर काम करून प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर चालतं हे दाखवलं, त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यामुळे उपचार आहे, फक्त वेळेत पोचायला हवं.

पायरी ६ : सवय कशी लावायची

पहिले काही दिवस तुम्ही शेजारी बसा, मोठा असेल तर आतच बसा. पोट भरलेलं, लंगोट कोरडं, झोप झालेली, अशा वेळी पाच मिनिटं. मग तुम्ही त्याच खोलीत उठून काहीतरी करा, बोलत राहा, आवाज ऐकू आला की बाळ शांत असतं. मग दहा मिनिटं. रडायला लागलं तर उचला, रडून रडून गप्प होईल म्हणून ठेवू नका, तसं केलं तर त्या जागेचीच भीती बसते आणि मग प्लेपेन कायमचा माळ्यावर जातो.

खेळणी दोन-तीनच, रोज बदलून. विकतची पाहिजेत असं नाही, स्टीलची वाटी, लाकडी पळी, झाकण घट्ट असलेला रिकामा डबा, यावर बाळं तासन्‌तास खूश असतात. सुपारी, चिंचोके, काजूबी, शेंगदाणे, गोट्या आत जाता कामा नयेत, दुधाच्या दातांच्या वयात हे सगळं घशात अडकायचं सामान. मोठं मऊ अस्वल नको, बाळ त्यावर चढून बाहेर उडी मारतं. गळ्यातले काळे मणी, ताईताचा दोरा, कुंचीच्या नाड्या काढून ठेवा, ही गोष्ट घरात सांगायला अवघड जाते मला माहितेय, दृष्टीचा विषय निघतो, पण दोरा कुठेही अडकू शकतो, त्यापेक्षा काजळाची तीट लावा तळपायाला.

किती वेळ? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ५ वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना दिल्यात, त्यात आहे की बाळाला बाबागाडी, खुर्ची, झोळणा अशात एका वेळी १ तासापेक्षा जास्त अडकवून ठेवू नये, आणि जे अजून रांगत नाहीत त्यांना दिवसभरात मिळून निदान ३० मिनिटं पालथं खेळू द्यावं. प्लेपेनमध्ये बाळ बांधलेलं नसतं, पण मी तरी एका वेळी वीस मिनिटांच्या वर जात नाही, आणि दिवसात दोन-तीनदा. मोबाईलवर गाणी लावून आत ठेवायचं असेल तर नकोच, त्याच सूचनांमध्ये १ वर्षाखाली स्क्रीन अजिबात नको म्हटलंय.

आणि हा नियम पाळायचाच : तुमचा आवाज बाळाला आणि बाळाचा आवाज तुम्हाला ऐकू आला पाहिजे. प्लेपेनमध्ये ठेवून विहिरीवर, दुकानात, मासे घ्यायला वाटेवर, वाड्यात गुरांकडे जायचं नाही. पाच मिनिटांचं काम असलं तरी बाळ कोणाच्या तरी ताब्यात देऊन जा. चार-पाच वर्षांचा मोठा भाऊ त्यात धरू नका, तो प्रेमाने आत शिरतो, उचलायला जातो आणि दोघेही पडतात.

झोपेचं थोडक्यात. आत खेळता खेळता डोळा लागला तर उचलून नेहमीच्या जागी, पाठीवर झोपवा. ट्रॅव्हल कॉट झोपायला म्हणून बनवलेला असेल तर चालतो, पण त्याच्यात जी पातळ गादी आली तीच, वर घरची मऊ गादी घालू नका, कडेला फट राहते. वर्षाच्या आतल्या बाळाला उशी, जाड गोधडी, टेडी काही नको. प्लेपेनवरून चादर टाकून अंधार करू नका, आपल्याकडच्या उकाड्यात आत जीव घुसमटतो. मच्छरदाणी लावायची तर ताणून बसवलेली, सैल लोंबणारी नाही.

पायरी ७ : पावसाळ्यात सांभाळायचा कसा

जूनपासून चार महिने काही म्हणजे काही वाळत नाही. कापडी खोळ धुतली की दोन-दोन दिवस ओली राहते आणि शिवणीत काळी बुरशी येते. त्यापेक्षा पावसात पूर्ण धुवू नका, साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा, मग कोरड्या फडक्याने, मग पंख्याखाली. उघडीप मिळाली, ऊन पडलं की उन्हात. गादीची जमिनीकडची बाजू रोज उलटून बघा, ओल धरलेल्या कोब्यावर ती खालून भिजते, खाली आधी प्लॅस्टिकची चटई घाला. बुरशीचा वास येत असेल तर ते कापड बाळासाठी वापरू नका, बाळ तोंड घासत असतं त्यावर.

लाइट जाणारच आहे, तर मेणबत्ती, कंदील प्लेपेनजवळच्या स्टुलावर ठेवायचा नाही.

पायरी ८ : गणपती, मे महिना आणि चाकरमानी

मुंबई-पुण्याहून बाळ घेऊन येणाऱ्यांना हे खास. घर भरलेलं असतं, आणि भरलेल्या घरात बाळाकडे कमी लक्ष असतं, जास्त नाही, कारण प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. एकीकडे मोदकांची वाफ, तळणीची कढई, आरतीची निरांजनं, बाहेर पोरांचे फटाके, दार सतत उघडं, न्हाणीत बंब पेटलेला आणि बादल्या भरून ठेवलेल्या. अशा वेळी आरती-भजन चालू असताना थोडा थोडा वेळ प्लेपेन खरंच कामाला येतो. तो भजनाच्या खोलीत नको, झांजा आणि मृदंग बाळाच्या कानाला फार होतात, आतल्या खोलीत मांडा आणि एक माणूस नेमून बसवा. आणि बाळ हातातून हातात जाताना तोंडाने बोला, "काकू, आता बाळ तुमच्याकडे आहे हां", समोरून "हो" आल्याशिवाय सोडू नका. ऐकायला विचित्र वाटतं पण दोन दिवसांत सगळ्यांना सवय होते.

कोकण रेल्वेच्या गर्दीत ट्रॅव्हल कॉट आणणं जड जातं, दहा-बारा किलोचा असतो. त्यापेक्षा गावाला आधी फोन करून विचारा, वाडीत कोणाकडे तरी पडून असतो. आणि पोचल्यावर बॅगा सोडायच्या आधी पायरी १ ची फेरी मारा, कारण शहरातल्या बाळाला उंबरठा, पायरी, विहीर काहीच माहीत नसतं.

पायरी ९ : बंद कधी करायचा

बाळ पाय वर टाकायला लागलं, कडेवर पोट टेकून बाहेर झुकायला लागलं, त्या दिवशी प्लेपेन बंद, बाळ कितीही लहान असलं तरी. घडीच्या कॉटवर बऱ्याचदा मर्यादा लिहिलेली असते, साधारण ८९ सेंटिमीटर उंची किंवा १३-१४ किलो वजन, पण चढायला त्याच्या आधीच लागतात. तिथून पडलं तर डोक्यावर पडतं.

मग चालायचं. इथे पुष्कळ जण चाकांचा वॉकर आणतात, ज्यात बाळ मधे बसतं आणि पायाने ढकलत फिरतं. तो आणू नका प्लीज. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदीच घातली, कारण मुलं वॉकरसकट जिन्यावरून पडत होती, आणि त्याने चालणं लवकर येतं हेही खरं नाही. आपल्या ओट्या, उंबरठे, चिऱ्याच्या पायऱ्या बघितल्या तर इथे तर तो नकोच. आपला लाकडी पांगुळगाडा बरा, बाळ मागे उभं राहून स्वतःच्या पायावर ढकलतं, सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी खेळण्यांबरोबर मिळतो. तोही सपाट खोलीत, कोणी बरोबर असताना, आणि चाकं फार सैल फिरत नाहीत ना बघून.

प्लास्टिक पॅनलचा प्लेपेन असेल तर टाकू नका, उघडून सरळ केला की टीव्हीच्या टेबलापुढे आडोसा म्हणून अजून वर्षभर चालतो, फक्त भिंतीला पक्का करा. दुसऱ्या कोणाला देणार असाल तर सगळे स्क्रू, टोप्या, रबरं एका पिशवीत घालून त्यालाच बांधून द्या, लॉक कसं बसतं ते त्यांच्यासमोर एकदा करून दाखवा, आणि कुठे गंज दिसला असेल तर तसं स्पष्ट सांगून द्या.